थकलेलं बिल आणि आईंचे पंधराशे

हिंगणा एमआयडीसीत स्टील फर्निचरचा छोटा कारखाना चालवणाऱ्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं त्यांनी कळवलं आहे. पत्रातला मुख्य भाग असा :

"माझ्याकडे सात कामगार आहेत. मार्चमध्ये एका ठेकेदाराला सरकारी शाळांसाठी बाक बनवून दिले. माल ६ लाखांचा, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ७ लाख ८ हजार. आता डिसेंबर संपत आला, एक पैसा हाती नाही. ठेकेदार म्हणतो, सरकारकडून बिल निघालं की देतो. जीएसटी मात्र मी एप्रिलमध्येच भरला. ओव्हरड्राफ्टवर व्याज चालूच आहे. परवा जेवताना टीव्हीवर लाडक्या बहिणीच्या हप्त्याची बातमी लागली आणि मी सासूबाईंना बोलून गेले, 'तुमच्या पंधराशेपायी माझे सात लाख अडकले.' त्या काही बोलल्या नाहीत. सकाळी पासबुक माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, 'घे बाई, हे बी तुझ्या बिलात टाक.' तेव्हापासून त्यांनी खात्याला हात लावला नाही. त्या ६१ वर्षांच्या आहेत, विधवा आहेत, रेशनकार्ड वेगळं आहे, नियमात बसतात. नवरा म्हणतो, तू चुकलीस. मला सांगा, मी खोटं काय बोलले? सरकारकडे खरंच पैसा नाही का? आणि आता मी करू तरी काय?"

ताई, तुमचा राग मला पूर्ण पटतो. स्वतःच्या हिमतीवर कारखाना उभा करायचा, सात घरं चालवायची, कर वेळेवर भरायचा, आणि घामाच्या पैशासाठी नऊ महिने फोन करत बसायचं, हा सरळसरळ अन्याय आहे. पण तो आईंनी, म्हणजे तुमच्या सासूबाईंनी, केलेला नाही. तुमचा नवरा बरोबर बोलला. आज संध्याकाळीच आईंजवळ बसा आणि 'मी चुकीचं बोलले' एवढं म्हणा. कारणं देऊ नका, ओव्हरड्राफ्टचा हिशेब त्या क्षणी तर नकोच.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तो नीट समजला की पहिल्याचं उत्तर आपोआप मिळेल.

सरकारकडे पैसा आहे. मार्च २०२५ मध्ये अजित पवारांनी अर्थमंत्री म्हणून मांडलेला २०२५-२६ चा राज्याचा अर्थसंकल्प ७ लाख कोटी रुपयांच्या थोडा वर होता. महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी धरली होती आणि महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी. या दोन आकड्यांतली तफावत ४५ हजार ८९१ कोटींची. तिलाच महसुली तूट म्हणतात. घर बांधायला कर्ज काढणं वेगळं आणि महिन्याच्या किराण्याला कर्ज काढणं वेगळं. महसुली तूट म्हणजे किराण्याचं कर्ज. रस्ते, धरणं, इमारती धरून एकूण राजकोषीय तूट, म्हणजे वर्षभरात कर्जाने भागवायची एकूण रक्कम, १ लाख ३६ हजार २३५ कोटींची. मार्च २०२६ अखेर राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींपर्यंत जाईल, असा सरकारचाच अंदाज होता. डोईमागे ७० हजारांच्या वर झाले. यात तुम्ही आलात, आई आल्या आणि तुमचे सातही कामगार आले.

म्हणून राज्य दिवाळखोर झालं का? तसंही नाही. हे कर्ज राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या १८-१९ टक्के आहे आणि तूट २.७६ टक्के. २००५ साली राज्याने स्वतःवर घालून घेतलेल्या कायद्याप्रमाणे तुटीची मर्यादा ३ टक्के, तिच्या आत ती बसते. पंजाबसारख्या राज्याच्या तुलनेत महाराष्ट्राची तब्येत पुष्कळ बरी आहे. मंत्री हेच आकडे पुढे करतात, आणि आकडे खरे आहेत.

तरीही तुमचं बिल अडकलं आहे. त्याचं कारण सांगते, आणि ते जरा सावकाश वाचा.

आपल्याकडे सरकारी हिशेब रोखीवर चालतो. पैसा तिजोरीतून बाहेर पडला की खर्च झाला, न पडला तर झालाच नाही. शाळेत बाक पोहोचले, मुलं त्यावर बसायला लागली, तरी बिल निघेपर्यंत सरकारच्या वहीत त्या बाकांचा खर्च शून्य. तुमच्या कारखान्यात मात्र माल गेला त्याच दिवशी विक्रीची नोंद झाली आणि त्याच महिन्याच्या हिशेबात जीएसटी धरावा लागला. लोखंडावर भरलेला कर वजा करून जो उरला तो तुम्ही खिशातून भरला. सरकारने स्वतःसाठी एक नियम ठेवला आणि तुमच्यासाठी दुसरा.

वर्षअखेरीला तूट ३ टक्क्यांच्या आत दाखवायची असेल तर सगळ्यात सोपा उपाय कोणता? बिलं थांबवायची. पगार थांबवता येत नाही, निवृत्तिवेतन थांबवता येत नाही, कर्जावरचं व्याज चुकवलं तर रोखेबाजारात अब्रू जाईल. महसुलातली निम्म्याहून अधिक रक्कम या तीनच खात्यांत जाते. २०२५-२६ मध्ये एकट्या व्याजाची तरतूद ६४ हजार कोटींच्या वर होती, म्हणजे दिवसाला पावणेदोनशे कोटी. हप्त्याच्या योजनाही थांबवता येत नाहीत, कारण कोट्यवधी लोक तारखेची वाट पाहत असतात. मग थांबतो तो पुरवठादार. तुम्हा लोकांची संख्या थोडी, पुढच्या कामासाठी त्याच दारात जायचं असतं, म्हणून ओरड होत नाही. ठेकेदारांच्या संघटनांनी २०२५ मध्ये राज्यभरात सुमारे ८९ हजार कोटींची बिलं थकल्याचा दावा केला. तो संघटनांचा आकडा आहे, सरकारचा नाही. पण त्याचा अर्धाच खरा धरला तरी लाडकी बहीण योजनेच्या वर्षभराच्या तरतुदीहून तो मोठा ठरतो, आणि हे देणं तुटीच्या त्या २.७६ टक्क्यांत कुठेही मोजलेलं नाही. थकलेलं बिल म्हणजे सरकारने तुमच्याकडून बळजबरीने घेतलेलं बिनव्याजी कर्ज आहे. बँकेला त्याचं व्याज तुम्ही भरता आहात.

आता आईंचे पंधराशे. माझं मत ऐकून तुम्हाला कदाचित आश्चर्य वाटेल, कारण सरकारने कमी खर्च करावा, कर कमी घ्यावा आणि लोकांच्या हाती पैसा राहू द्यावा, असं मी या सदरातून सतत लिहीत आले आहे. सरकारला गरिबासाठी काही करायचंच असेल, तर रोख रक्कम थेट खात्यात देणं हा त्यातल्या त्यात चांगला मार्ग आहे. त्यात निविदा नाही, मधला ठेकेदार नाही, गोदामात सडलेला माल नाही. सणाला शिधा वाटायचा, साड्या वाटायच्या, तर कोणता रवा, कोणता रंग, कोणाकडून किती भावाने, हे सगळं कोणीतरी दुसराच ठरवतो. पंधराशे रुपयांचं काय करायचं ते आई ठरवतात. औषध आणायचं, नातवाला काही घ्यायचं की साठवायचं, यातलं त्यांना जेवढं कळतं तेवढं मंत्रालयातल्या कोणालाही कळणार नाही. आणि हा पैसा त्यांना फुकट मिळतो असंही समजू नका. त्या मोबाइलचं रिचार्ज करतात त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. घराच्या वीजबिलावर १६ टक्के विद्युत शुल्क आहे. तुमचा नवरा त्यांना गाडीवर बसवून दवाखान्यात नेतो, त्या पेट्रोलवर राज्याचा २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे आहेत. कॉटन मार्केटमधून येणाऱ्या भाजीत डिझेलचा कर मिसळलेला आहे. आईंनी आयुष्यभर कर भरलाच आहे, फक्त त्याची पावती त्यांना कधी मिळाली नाही.

योजनेबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती मोठी आहे. ती वाटणाऱ्यांबद्दल आहे. जुलै २०२४ पासून योजना लागू झाली आणि नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. अर्ज आले, पडताळणी न होता पैसे गेले. २०२५-२६ साठी तरतूद केली ३६ हजार कोटींची. हिशेब तुम्हीच करा : एका बाईला वर्षाला १८ हजार, म्हणजे ३६ हजार कोटी बरोबर २ कोटी बायकांना पुरतात. लाभार्थी होत्या सव्वादोन कोटींहून जास्त. म्हणजे तरतूद करतानाच ठाऊक होतं की एक तर यादी कापावी लागणार, नाहीतर दुसऱ्या खात्याचा पैसा आणावा लागणार. दोन्ही झालं. सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी इकडे वळवला, तेव्हा सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. २६ लाखांच्या वर खाती संशयास्पद म्हणून थांबवली, त्यांत १४ हजारांहून अधिक पुरुष निघाले. मग ई-केवायसीची, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवण्याची, सक्ती आली आणि खऱ्या गरजू विधवा रांगेत अडकल्या, कारण प्रणाली पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागत होती. (आईंचं ई-केवायसी झालं आहे ना, ते आजच तपासा. पती आणि वडील दोघेही हयात नसतील तर मृत्यू प्रमाणपत्राची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय केली होती. मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती.) निवडणुकीत पंधराशेचे एकवीसशे करण्याचं आश्वासनही दिलं होतं. तेवढे पैसे कुठून येणार, हे तेव्हाही कोणी सांगितलं नाही.

एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने कसं निघतं, ते तुम्ही कारखान्याच्या कागदपत्रांत पाहिलंच असेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० आणि २०० रुपयांच्या मुद्रांकाची जागा ५०० च्या मुद्रांकाने घेतली. साधा करारनामा करायचा तरी पाचशेची नोट. नागपुरात घर घेणाऱ्याला मुद्रांक शुल्कात मेट्रोसाठी १ टक्का जास्त मोजावा लागतो, मग तो मेट्रोत बसो की न बसो. जून २०२५ मध्ये मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं, त्यातून १४ हजार कोटी जादा येतील असं सांगितलं.

आणि विजेचं काय सांगू! एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना पाच वर्षं मोफत वीज आहे. त्याआधीही शेतीचा दर कमी ठेवून त्याचा भार उद्योगांच्या दरात टाकण्याची पद्धत होतीच. तुमच्या वेल्डिंगच्या मशीनला लागणारी वीज त्यामुळे महाग. मग विदर्भातले उद्योग शेजारच्या छत्तीसगडात जायला लागतील, या भीतीने २०१६ पासून विदर्भ-मराठवाड्याच्या उद्योगांना वीजदरात सवलत द्यायची, तीही तिजोरीतून. आधी दर चढवायचा, मग चढलेला दर उतरवायला कर घ्यायचा, आणि या दोन्ही कामांसाठी कचेऱ्या चालवायच्या. शेतकऱ्याला मदत करायची तर त्याच्या खात्यात रक्कम द्या आणि विजेचा दर सगळ्यांना खरा लावा, असं मी शेतकऱ्यांच्या बैठकीतही म्हणेन. मोफत विजेने विहिरी खोल जातात, रात्रीची वीज काही बदलत नाही.

तुम्ही लिहिलं नाही, पण अधिवेशनाच्या आठवड्यात सीताबर्डीला जायची वेळ आली असेल तर बंद रस्ते तुम्ही पाहिलेच असतील. ८ डिसेंबर २०२५ ला आपल्या नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी ७५ हजार २८६ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, मांडल्या गेल्या. जुलैच्या पावसाळी अधिवेशनात ५७ हजार ५०९ कोटींच्या मांडल्या होत्या. दोन्ही मिळून १ लाख ३२ हजार कोटींच्या वर, म्हणजे मूळ अर्थसंकल्पाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा. यातला सगळा भार नवा नसतो, काही रक्कम निव्वळ जमाखर्चाची असते, काही अतिवृष्टीच्या मदतीसारखी अपरिहार्य असते. तरी मार्चमध्ये वर्षाचा हिशेब मांडायचा आणि डिसेंबरपर्यंत त्यात एवढी भर घालायची, याचा अर्थ मार्चचा हिशेब मनापासून मांडलेलाच नव्हता. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाच्या प्रश्नांसाठी हे अधिवेशन आपल्याला मिळालं. यशवंत स्टेडियमवर दरवर्षी धरणे आंदोलनं होतात, मोर्चे मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला अडवले जातात, प्रत्येक फलकावर 'आम्हाला द्या' असं लिहिलेलं असतं. 'आमचं जे देणं आहे ते आधी चुकतं करा' असा फलक घेऊन छोट्या कारखानदारांनी तिथे उभं राहायला हवं. माझी मागणी साधी आहे : तरतूद नसेल तर कार्यारंभ आदेश देऊ नये, प्रत्येक विभागाने थकलेल्या बिलांची यादी दर महिन्याला जाहीर करावी, आणि उशीर झाला की व्याज आपोआप लागावं. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पुरा होतो न होतो तोच नागपूर ते गोवा शक्तिपीठ महामार्गाचे ८६ हजार कोटी पुढे येतात. नव्या कामाचा नारळ फोडण्याआधी जुन्या कामाचे पैसे दिले का, हे विचारायला कोणत्याही पक्षाचं असण्याची गरज नाही.

आता तुमच्या सात लाखांकडे. इथे तुम्ही हतबल नाही आहात, आणि हे मला तुम्हाला ठासून सांगायचं आहे.

तुमचा व्यवहार ठेकेदाराशी आहे, सरकारशी नाही. 'सरकारकडून आलं की देतो' ही त्याची सबब कायद्यापुढे टिकत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायलाच हवेत. करारात याहून मोठी मुदत लिहिली असली तरी ती चालत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. आजच्या हिशेबाने ते १५ टक्क्यांच्या वर जातं, तुमच्या ओव्हरड्राफ्टपेक्षा जास्त. तुमची उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून केलेली सरकारी नोंदणी) ऑर्डर घेण्याच्या आधीची असेल तर बाजू भक्कम आहे. ती तारीख आधी पाहा.

ठेकेदाराला एक पत्र लिहा, स्पीड पोस्टाने, सोबत ईमेलनेही. त्यात बिल क्रमांक, माल पोहोचल्याची सही, ४५ दिवस कधी संपले ती तारीख आणि आजवरचं व्याज लिहा. आणखी दोन गोष्टी शांत भाषेत लिहा. एक, जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलापासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला त्या बिलावर घेतलेली करवजावट व्याजासह परत करावी लागते. ती मुदत सप्टेंबरातच उलटली. दोन, १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३ब मधल्या तरतुदीप्रमाणे लघुउद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, म्हणजे तेवढ्या रकमेवर त्याला कर बसतो. हे पत्र त्याच्या सीएच्या हाती पडलं की तुम्हाला नऊ महिन्यांत न आलेला फोन येईल असं मला वाटतं.

त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ज्या विभागाचं काम होतं त्यांना विचारा की या कामापोटी ठेकेदाराला आजवर किती रक्कम, कोणत्या तारखांना दिली. त्याला निम्मे पैसे मिळालेले असतील आणि तो तुमच्या जिवावर दुसरं काम उचलत असेल, हेही शक्य आहे. राज्याच्या वित्त विभागाच्या बीम्स या संकेतस्थळावर कोणत्या विभागाला किती निधी वितरित झाला आणि किती खर्च झाला ते दिसतं. तेही पाहून ठेवा.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार नोंदवा. ती थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे जाते. कायद्यात ९० दिवसांची मुदत आहे, प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो हे धरून चाला. पण निकाल तुमच्या बाजूने लागला आणि ठेकेदाराला त्याविरुद्ध न्यायालयात जायचं असलं तर ७५ टक्के रक्कम आधी जमा करावी लागते. त्यामुळे पुष्कळ प्रकरणं आधीच तडजोडीवर येतात. तडजोड केलीत तर व्याज थोडं सोडा, मुद्दल सोडू नका, आणि 'पुढच्या ऑर्डरमध्ये वळते करू' हे तर अजिबात मान्य करू नका.

पुढच्या वर्षासाठी सरकारी कामावर पोहोचणारा माल एकूण विक्रीच्या चौथ्या हिश्श्यावर जाऊ देऊ नका. बुटीबोरी आणि मिहानमधल्या कंपन्यांची उपाहारगृहं, वर्धमाननगरची गोदामं, शिकवणीवर्ग, मुलींची वसतिगृहं यांना बाक, रॅक, खाटा लागतातच. भाव कमी मिळेल, पण पैसे महिन्यात येतील. ठेकेदार नव्या कामासाठी आला तर निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली गाडी भरताना, एवढी अट घाला. तो तयार झाला नाही तर ती ऑर्डर त्याला परत करा.